पुंगळीला मेण लावावे की लावू नये

सुभेदार,

वाद अर्ध्यावर टाकून उठून जाणे शिस्तीच्या माणसाला शोभत नाही. आपण उभा जन्म शिस्तीत काढलात आणि शेवटी नेमके तेच केलेत. मिरजेच्या रुग्णालयात नाकावरची नळी एका बोटाने बाजूला सारून तुम्ही म्हणालात, "रायटर, पुंगळीला मेण लावायचंच. तू काय बी म्हण." मी उत्तरलो, "नव्या साच्यास त्याची आवश्यकता नाही. तसे छापील आहे." तुम्ही पुन्हा तोंड उघडलेत, आणि तेवढ्यात परिचारिकेने मला खोलीबाहेर काढले. तुम्ही काय बोलणार होतात ते मला आजतागायत समजलेले नाही. दुसऱ्या दिवशी मुद्देसूद तयारी करून मी आलो, तर तुमच्या खाटेवरची चादर बदललेली होती.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. बसण्यावरच ज्याचा उदरनिर्वाह चालतो अशा माणसाची ही स्थिती आपण लक्षात घ्यावी. विट्याच्या कचेरीसमोरच्या लिंबाखाली मी टेबल मांडतो, लोकांचे अर्ज लिहायला कागद काढतो, "मे. साहेबांचे सेवेशी" एवढे लिहितो आणि उठतो. टपरीपर्यंत जातो, चहा न घेताच परततो. गेल्या रविवारी सवयीने गाडी काढून तुमच्या माळाच्या फाट्यापर्यंत गेलो. फाट्यावर आठवण झाली. गाडी वळवली, थोडा मागे आलो, पुन्हा वळवली. तेथे मेंढरे राखणाऱ्या बाईने विचारले, "काय हरवलंय का, आण्णा?" मी "नाही" म्हणालो. ते असत्य कथन होते.

हा मजकूर इतरांच्याही वाचनात येईल, म्हणून वादाचा विषय थोडक्यात नमूद करतो. खुलासा करणे हाच माझा व्यवसाय आहे. शिक्षण माझे नववीत थांबले हे खरे, परंतु ज्या भाषेत प्रांतसाहेब वाचतात ती भाषा या तालुक्यात माझ्याइतकी कोणास येत नाही, हे आपणही मान्य करीत होता.

तर, पिस्तुलातून गोळी सुटली की पितळेची पुंगळी मागे उरते. बार झाल्याने ती किंचित फुगलेली असते. नेमबाजीचा नाद असलेला परवानाधारक माणूस, रीतसर परवानगी असेल तर, ती पुंगळी फेकत नाही. लोखंडी दांडीच्या यंत्रावर ती साच्यात दाबून मूळ मापावर आणतो, आणि मग तिच्यात ठिणगी पाडणारी नवी टोपी, नवी दारू व नवे शिसे भरून पुन्हा काडतूस करतो. साच्यात दाबण्यापूर्वी पुंगळीस ओशट काही लावावे किंवा कसे, हा तो प्रश्न. जुना पोलादी साचा असेल तर लावणे भागच, अन्यथा पुंगळी आत रुतून बसते. त्याबाबत आपल्यात कधीच मतभेद नव्हता. मतभेद झाला तो तुमच्या मुलीने, सारिकाने, कार्बाइडचा, म्हणजे पोलादाहून कठीण व गुळगुळीत, असा नवा साचा आणल्यानंतर.

तुमचे ते मेणही साधे नव्हते. बाजारात तयार मिळणारे वंगण तुम्हाला चालत नसे. तुमचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागचे. थोरल्या भावाच्या मेंढरांच्या वाड्यातली कातरलेली कच्ची लोकर तुम्ही आणायचात, पातेल्यात उकळायचात, वर आलेला तवंग पळीने काढून गाळायचात आणि डब्यात भरायचात. तुमच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी, ते पातेले स्वयंपाकघरातून कायमचे हद्दपार केले होते. "पिस्तूल फौजंचं, पर वास सगळा वाड्याचा," असे त्या म्हणत. तुम्ही तेच मेण टाचांच्या भेगांना लावायचात, दाराच्या बिजागरीला लावायचात आणि पुंगळ्यांनाही लावायचात. एकदा माझ्या चपलेच्या अंगठ्यालाही लावलेत. चप्पल मऊ पडली हे मी कबूल करतो, पण कचेरीत आठवडाभर लोक माझ्यापासून अंतर राखून उभे राहात होते.

आपली ओळखच मुळी त्या मेणाने झाली. घरी काडतुसे भरण्याची परवानगी मिळावी म्हणून अर्ज करायला तुम्ही माझ्या टेबलाशी आलात. साहित्याची यादी सांगताना तुम्ही अखेरीस म्हणालात, "आन् लोकरीचं मेण लिव्ह."

मी लेखणी थांबवली. "सुभेदार, मागितल्याखेरीज अर्जात काही घालू नये. जास्तीचा शब्द घातला की साहेब तिथेच अडतो."

"जे वापरतोय ते लिव्हायचं. लपवाछपवी आपल्याला जमत न्हाई."

तुमच्या आग्रहाखातर मी लिहिले. आणि सांगलीहून लेखी विचारणा आली: लोकरीचे मेण हा पदार्थ स्फोटक आहे किंवा कसे, याचा खुलासा करावा! मी खुलाशाचा उत्कृष्ट मसुदा तयार केला होता. तो न घेताच तुम्ही काखेत मेंढराची अख्खी लोकर मारून सांगलीस गेलात आणि ती कारकुनाच्या टेबलावर ठेवलीत. "ह्ये स्फोटक हाय. पेटवून बघा," असे तुम्ही म्हणालात म्हणे. कारकुनाने टेबल पुसून घेतले आणि प्रकरण पुढे सरकले. तुम्ही परत येऊन मला म्हणालात, "बघ. मेणानं काम हलकं झालं." त्या दिवसापासून मी तुमच्याकडे रविवारी येऊ लागलो. माझा मसुदा वाया गेला, याचा राग मात्र राहिला.

मग नवा साचा आला. सोबतचे पत्रक इंग्रजीत होते. मी ते चष्मा लावून, बोट ठेवून वाचले. या साच्यात सरळ नळीच्या पुंगळीस वंगणाची आवश्यकता नाही, असे त्यात स्पष्ट होते. मी पत्रक तुमच्यापुढे ठेवले. तुम्ही ते उलटे केलेत, त्यावर मेणाचा डबा ठेवलात आणि पहिल्या पुंगळीला बोट फिरवलेत.

"सुभेदार, आवश्यकता नाही."

"आवश्यकता न्हाई, ह्ये कळलं. लावू नगं, असं कुठं लिव्हलंय?"

"जे आवश्यक नाही ते करू नये, हा कामकाजाचा पाया आहे."

"तुझा अर्ज वढायला खांदा लागतोय का, रायटर? दांडी वढून बघ एकडाव."

"दस्त लिहिणाऱ्याने शेत नांगरलेलेच असावे, असा नियम नाही."

"मग बस गप. कांदाभजी खा."

हा संवाद थोड्याफार फरकाने आपल्यात अनेक रविवार झाला. सारिका शेजारी बसून दारूचे माप वजनकाट्यावर तपासत असे आणि आपले दोघांचे बोलणे तिच्या कानावरून जात असे. मध्येच ती एवढेच म्हणायची, "बाबा, काका, माझं मोजणं चुकंल. जरा हळू भांडा." आपण हळू भांडायचो.

माझी बाजू खरी ठरल्याचा एक प्रसंग आहे, आणि तुम्ही आज नाही म्हणून तो वगळणे मला योग्य वाटत नाही. साताऱ्यास सारिकाची नेमबाजीची स्पर्धा होती. तुम्ही आदल्या दिवशी घाईत काडतुसे भरलीत आणि पुंगळ्यांवरचे मेण पुसायचे राहून गेले. मैदानावर वारा सुटलेला. धूळ त्या ओशटावर बसली, आणि ऐन वेळी सारिकाच्या हातात पिस्तूल अडकले. मी प्रेक्षकांत होतो. मी उभा राहून म्हणालो, "म्हटले नव्हते?" माझा आवाज अर्जासाठी कमावलेला नाही, तो लोकांच्या गलक्यावर जाण्यासाठी कमावलेला आहे. सगळ्यांनी वळून पाहिले.

परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसलात. मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडे. मध्ये बसलेल्या सारिकाने कानात वायर घातली. कोरेगावच्या स्टँडवर गाडी थांबली, तुम्ही खाली उतरलात, द्रोणात भेळ घेऊन आलात आणि माझ्या मांडीवर ठेवलीत. "धूळ हुती," तुम्ही म्हणालात. "मेण न्हवं."

"मेण नसते तर धूळ चिकटली नसती."

"पुसलं असतं तर चिकटली नसती. पुसायचं ऱ्हायलं, ही चूक माजी. मेणाची न्हाई."

हा मुद्दा मी तेव्हा खोडून काढू शकलो नाही. अद्यापही पूर्णतः खोडून काढता आलेला नाही. आपणास हे सांगायचे राहिले होते.

आणखीही काही सांगायचे राहिले आहे, आणि ते लिहिताना मी दोन वेळा उठलो. सगळे अर्ज संगणकावर जाऊ लागले तेव्हाची ही गोष्ट. माझ्या टेबलापुढचा बाकडा रिकामा पडू लागला होता. समोरच्या सेवा केंद्रात पोरे खटाखट अर्ज भरीत आणि लोक तिकडे वळत. मी याविषयी कोणाजवळ बोललो नव्हतो. त्या दिवसांत तुम्ही बाजारच्या दिवशी येऊन माझ्या बाकड्यावर बसू लागलात. डोक्यावर पलटणीची टोपी, मिशा पीळ दिलेल्या, मांडीवर एक रिकामी पिशवी. काम काही नसे. मी विचारले, "सुभेदार, आज काय लिहायचे?" तुम्ही म्हणालात, "काय न्हाई. माणूस बसलेला दिसला की माणूस येतंय." आणि खरोखरच माणसे येऊ लागली. निवृत्त फौजी आले, त्यांच्या बायका आल्या, पेन्शनचे तंटे आले. त्या उपकाराबद्दल मी तुम्हाला कधी धन्यवाद दिले नाहीत. इतरांसाठी मी "आपला ऋणी राहीन" हे शब्द रोज लिहितो. स्वतःसाठी लिहायची वेळ आली तेव्हा मी तुम्हाला म्हणालो, "सरकून बसा, ऊन येतंय."

आता सध्याच्या प्रकरणाकडे येतो, कारण त्याच्या निकालावर तुमच्या मुलीचे बरेच काही अवलंबून आहे.

तुम्ही गेल्यानंतर कायद्याप्रमाणे पिस्तूल ठाण्यात जमा झाले. उरलेली काडतुसे, दारू, टोप्या, सर्व काही जमा केले. घरात राहिले ते लोखंडी यंत्र, साचे आणि रिकाम्या पुंगळ्यांची परात. परवाना आणि घरी भरण्याची परवानगी वारस म्हणून आपल्या नावे व्हावी, असा सारिकाचा अर्ज मी लिहिला. तो माझ्या हातून आजवर झालेल्या लिखाणातील सर्वोत्तम होय. राज्याच्या निवड चाचणीआधी निर्णय झाला नाही तर तिचे हे वर्ष जाईल. तिचे मामा तर उघडच म्हणाले, "पोरीच्या जातीला पिस्तूल कशाला? जमा केलंय ते बरं झालं. आता स्थळं बघू." सारिकाने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. ती मला म्हणाली, "काका, ह्ये हातचं गेलं तर मामाचंच खरं व्हायचं." हे वाक्य ती अगदी साध्या आवाजात बोलली. मला मात्र तिथे बसवेना.

घर तपासणीसाठी फौजदार येणार असे कळले, तेव्हा मी तिला बजावले, "विचारतील तेवढेच बोलायचे. एक शब्द जास्त नको. जास्तीच्या शब्दानेच प्रकरणे अडतात." ती म्हणाली, "व्हय, काका."

तपासणीच्या दिवशी मी लवकर पोहोचलो. तुमच्या खोलीची झाडलोट करताना वहिनींनी खुंटीवरचा तुमचा सदरा काढला आणि तो हातात धरून त्या उभ्या राहिल्या. सहज बोलल्यासारखे त्या म्हणाल्या, "ह्याची उजवी बाही मीच घालत हुते. दोन वरसं झाली. हात वरच जाईना त्यांचा."

मी विचारले, "काय झाले होते?"

"खांदा. फौजेतलाच मार हुता, म्हातारपणी उलाटला. तुमाला ठावं न्हाई व्हय?"

"नाही, वहिनी. मला बोलले नाहीत."

"तुमाला कसं बोलतील? परवाना नवा करायचा कागद तुमी लिव्हणार. त्यात तब्येत लिव्हाय लागती. खरं कळलं तर तुमी खरं लिव्हणार, न्हाईतर खोटं लिव्हाय लागणार. 'रायटरला पेचात टाकायचं न्हाई,' म्हणायचे."

सुभेदार, मी तेथून उठून अंगणात गेलो. अंगणातून गोठ्याकडे गेलो. पुन्हा आत आलो. कोरडी पुंगळी दाबायला दांडी जड जाते, मेण लावले की हलकी जाते. तुमचा सगळा युक्तिवाद एवढाच होता, आणि त्यातला मुख्य मुद्दा तुम्ही माझ्यासाठी दडवून ठेवला होतात. अपुऱ्या पुराव्यावर तुम्ही इतके रविवार माझ्याशी वाद घातलात! ज्याच्या हातात निर्णायक कागद आहे त्याने तो खिशात ठेवून कचेरीत उभे राहावे आणि वर कांदाभजी द्यावी, याला काय म्हणावे? मला तुमचा राग आला. अजूनही आहे. त्या रागाचे काय करावे हे मला समजत नाही, कारण तो कोठेही दाखल करता येत नाही.

फौजदार आले. पोक्त गृहस्थ होते, पूर्वी शस्त्रागारात काम केलेले. त्यांनी यंत्र पाहिले, कुलपाचे कपाट पाहिले, खिडकीचे गज हलवून पाहिले. मग सारिकाला म्हणाले, "रिकामी पुंगळी घ्या आणि करून दाखवा."

तिने परातीतून पुंगळी घेतली, साच्याखाली बसवली आणि दांडी ओढली. तिचा खांदा तरणा आहे. पुंगळी सरळ वर गेली आणि खाली आली.

"तेलबिल लावत नाही?" फौजदारांनी विचारले.

"जुन्या साच्याला लावाय लागतं, साहेब. ह्याला गरज न्हाई," ती म्हणाली.

"तो डबा कसला मग?"

"लोकरीचं मेण. बाबा लावायचे. मी लावत न्हाई."

"गरज नसताना लावायचे?"

"व्हय, साहेब."

फौजदारांनी मान हलवली. त्या हलवण्यात काय होते ते मी ओळखले. जुन्या माणसाची खोड, असा तो भाव होता. त्यांनी वही उघडली. सारिकाने माझ्या सांगण्याप्रमाणे विचारले तेवढेच सांगितले होते, आणि माझ्याच बाजूने सांगितले होते. तुमच्या घरात, तुमच्या यंत्रासमोर, तुमच्या मुलीच्या तोंडून, शासकीय अधिकाऱ्यासमक्ष माझे म्हणणे ग्राह्य धरले जात होते. इतक्या रविवारांचा वाद मी जिंकलो होतो. आता फक्त गप्प बसायचे होते.

मी म्हणालो, "साहेब, लावण्यास हरकत नाही."

सारिकाने माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिले.

"आपण कोण?" फौजदार म्हणाले.

"मी अर्जलेखक. हा अर्ज माझ्या हातचा आहे. साहेब, आवश्यकता नाही याचा अर्थ मनाई आहे असा होत नाही. मेण लावल्याने दांडी हलकी जाते. पुंगळीही कमी घासते. मात्र नंतर ते स्वच्छ पुसले पाहिजे. पुसले नाही तर धूळ धरते, आणि तसे एकदा झालेले आहे. परंतु तो दोष पुसण्यात हयगय करणाऱ्याचा, मेणाचा नव्हे. ज्याचा खांदा धड आहे त्याने लावले नाही, तरी ठीक आहे. ज्याचा नाही, त्याने लावले तर ती खोड नव्हे, साहेब. ती सोय आहे. आणि जो माणूस यंत्राशी जोर करण्याऐवजी सोय पाहतो, तो काळजीने काम करणारा माणूस असतो. या घरात काम कसे होत होते, हे आपण लिहिणार असाल तर एवढे लिहावे."

मी कधी साहेबापुढे इतके लांब बोललो नव्हतो. मी लिहितो, बोलत नाही. दारात वहिनी उभ्या होत्या. फौजदारांनी वहीवरची लेखणी उचलली. प्रकरण बुडवले, असे मला वाटले. पोरीचे वर्ष बुडवले.

त्यांनी सारिकाला विचारले, "धूळ धरल्याचं खरं?"

"खरं हाय, साहेब. साताऱ्याला. पिस्तूल अडाकलं माझं."

"मग काय केलंत?"

"तवापासनं बाबा लावायचे, मी पुसायची. एकेक पुंगळी. पुसल्याबिगार भरायची न्हाई, असं ठरलं आमचं."

हे मला ठाऊक नव्हते. आपण दोघे भांडत होतो त्या वेळी ती शेजारी बसून मोजण्याखेरीज आणखी काय करीत होती, हे मी कधी पाहिलेच नव्हते.

फौजदार लिहू लागले. लिहून झाल्यावर त्यांनी वही मिटली आणि वहिनींना म्हणाले, "काही लपवणारं घर दिसत नाही. अहवाल आजच सांगलीला पाठवतो." चहा घेतला. जाताना दाराशी थांबून मेणाचा डबा उघडला, वास घेतला, तोंड वाकडे केले आणि बोट बुडवून आपल्या बुटाच्या टाचेवर चोळले.

काल ठाण्यातून निरोप आला. अहवाल अनुकूल गेला आहे. शेवटचा हुकूम सांगलीहून यायचा आहे, आणि तो येईपर्यंत मला स्वस्थता नाही. सारिका मात्र रोज पहाटे माळावर हात सरळ धरून उभी राहण्याचा सराव करते. पिस्तुलाच्या जागी पाण्याने भरलेला तांब्या धरते.

तुमची बाजू मी तुमच्याहून चांगली मांडली, सुभेदार. हे मान्य करायला तुम्ही हवे होतात.